पाकिटाचा हिशेब

राजापेठेतील भांड्यांच्या एका जुन्या दुकानात पर्युषणाच्या तोंडावर एक लहानसा प्रश्न उभा राहिला. प्रश्न होता खिशातील पाकिटाचा. वस्तू शंभर ग्रॅमचीही नव्हे. परंतु तिचा निर्णय होईपर्यंत घरात पिता-पुत्रांचे बोलणे चार दिवस कामापुरतेच राहिले. बाहेरच्या माणसास हे हास्यास्पद वाटेल. ज्या घरांत व्यापार आणि धर्म एकाच गादीवर बसतात, त्या घरांना मात्र यात आपलेच काही दिसेल.

दुकानाच्या मालकांना घर आणि बाजार दोन्हीकडे बाबूजी म्हणतात. ते सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. भांडे बोटाने वाजवून ते पितळेचे की काशाचे हे सांगणारी माणसे आता बाजारात थोडी उरली आहेत. बाबूजी त्यांपैकी एक. मोडीचे पितळ काट्यावर ठेवताना आतली माती आणि जुनी झाळ किती, हे नुसत्या नजरेने वजा करून भाव सांगावा आणि गिऱ्हाइकाने तो निमूट मान्य करावा, अशी त्यांची पत. घरातील आचारही तसाच काटेकोर. सूर्यास्तानंतर जेवण नाही, कंदमूळ नाही, चातुर्मासात हिरवी भाजी मोजून.

त्याच बाबूजींच्या मागच्या खिशात बावीस वर्षे चामड्याचे एक पाकीट होते. ते कशाचे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्याविषयी त्यांनी कधी विचार केला नव्हता, एवढेच. मंदिराच्या दारावर चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवण्याची सूचना असते. बाबूजी भंडारात टाकावयाची नोट आधी काढून मुठीत धरीत, मग कमरेचा पट्टा आणि पाकीट बाहेरच्या खणात ठेवून आत जात. हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की मुठीतली नोट कोठून निघाली, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

पाकिटाची शिवण दर दोन-तीन वर्षांनी उसवत असे. चौकाजवळ झाडाखाली बसणारे एक चर्मकार ती शिवून देत. या खेपेस त्यांनी पाकीट उलटसुलट केले, कडेला आरीचे टोक लावून पाहिले आणि ते परत बाबूजींच्या हाती दिले.

“शेटजी, शिवून तं देतो मी, पण आता टाका धरत नाही. कातडं पार वाळून गेलं जी. नवीनच घ्या.”

सायंकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर बाबूजींनी पाकीट गादीवर रिकामे केले. तीन बँकांची चार कार्डे निघाली, त्यांतले एक मुदत संपलेले. आधार, पॅन आणि वाहन परवाना निघाला. विम्याच्या हप्त्याची एक पावती इतकी फिकट झाली होती की तीवरचा आकडा वाचता येईना. मुरादाबाद आणि भंडारा येथील पितळेच्या व्यापाऱ्यांची भेटपत्रे होती. त्यांतील दोन पेढ्या केव्हाच बंद झालेल्या. थोड्या नोटा, थोडी चिल्लर. आणि सर्वांत आतल्या कप्प्यातून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे एक लहानसे चित्र निघाले. कडा झिजल्या होत्या, तरी मूर्ती स्पष्ट होती.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नींनी ते चित्र उचलले, पदराने पुसले आणि क्षणभराने सहज म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षे तुम्ही देवाला दाराबाहेर ठेवून दर्शनाला जात होतात.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण बाबूजींना तो चहा गोड लागला नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी राखीपौर्णिमा आली. पुण्यास नोकरीत असलेला मुलगा घरी आला आणि त्याने वडिलांपुढे एक छोटी पेटी ठेवली. जुन्या पाकिटाची कथा त्याने फोनवर ऐकली होती. चित्राची मात्र ऐकली नव्हती. पेटीत तपकिरी रंगाचे, तळहातापेक्षा लहान, अतिशय सुबक असे पाकीट होते. हल्ली ज्यांना मिनिमलिस्ट म्हणतात त्यांतले. सहा कार्डे आणि दुमडलेल्या चार नोटा, एवढाच त्याचा संसार. मुलाने ते आपल्या पहिल्या बोनसमधून घेतले होते. बाबूजींनी ते हाती घेतले, नाकाजवळ नेले आणि पुन्हा पेटीत ठेवले.

“हे चामड्याचे आहे. मी नाही वापरणार.”

मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबूजी, तुमचे जुनेही चामड्याचेच होते ना? ते बावीस वर्षे चालले, आणि मी आणलेले एक दिवसही चालत नाही?”

या प्रश्नाला बाबूजींजवळ उत्तर नव्हते. चार दिवसांचा अबोला येथून सुरू झाला. मुलास वाटले, नाकारली गेली ती वस्तू नव्हे, आपली माया. बाबूजींना वाटले, मुलगा आपल्या नियमावर नव्हे, आपल्या प्रामाणिकपणावर बोट ठेवतो आहे. आणि ते बोट बरोबर जागी पडले आहे.

सूनबाईंनी मध्यस्थी केली. चामड्याचे नको तर धातूचे घेऊ, असे तिने सुचवले. धातूचे पाकीट म्हणजे काय, हे बाबूजींनी प्रथम तिच्या फोनवर पाहिले. ॲल्युमिनियमच्या, पोलादाच्या अथवा टायटॅनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कार्डांची चळत, भोवती लवचीक पट्टा आणि पाठीवर नोटा धरणारा एक चिमटा. दुसऱ्या प्रकारात धातूची लहानशी डबी असते. तिची कळ दाबली की कार्डे पायरीपायरीने वर येतात. धातूचा विषय निघाल्याने बाबूजी थोडे सैलावले. वऱ्हाडात ॲल्युमिनियमच्या भांड्याला अजूनही जर्मनचे भांडे म्हणतात. “म्हणजे हे जर्मनचेच पाकीट,” ते म्हणाले, आणि दोन दिवसांत प्रथमच घरात कोणी हसले.

व्यापारी माणूस वस्तू घेण्यापूर्वी ती मोजतो. बाबूजींनीही मोजली. बँकेचे कार्ड जगभर एकाच मापाचे असते, सुमारे ८६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद. आजची पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद आहे. ती मधोमध दुमडली तर ७५ बाय ६६ होते आणि कार्डाच्या मापाबाहेर बोटभर डोकावते. तिची तीन घड्यांत दुमड केली तर ५० बाय ६६ होते आणि नीट बसते. २०१६ पूर्वीची पाचशेची नोट १६७ बाय ७३ होती. जुनी पाकिटे त्या मापाने शिवलेली असत. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटा लहान झाल्या आणि त्याच वर्षी यूपीआय आले. खिशातील पाकीट आकसले ते केवळ फॅशनने नव्हे. जे त्यात ठेवावयाचे तेच आकसले.

दोन्ही प्रकारांचे गुणदोष सरळ आहेत. चामडे वापराने मऊ होते, शरीराच्या ठेवणीप्रमाणे वळते, जास्त कार्डे घातली तर थोडे ताणून घेते. मात्र पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि एकदा ताणले की कमी कार्डे सैल पडून सुटतात. धातू ओला झाला तर पुसता येतो, शिवण उसवण्याचा प्रश्न नाही. परंतु त्याच खिशात फोन असेल तर काचेवर ओरखडे उमटतात, कार्डांची अक्षरे घासली जातात, चिल्लर ठेवण्यास जागा नसते आणि विमानतळावर तो तबकात काढून ठेवावा लागतो. पाकीट कोणतेही असो, मागच्या खिशात जाड गठ्ठा ठेवून तासन्‌तास बसू नये. एका बाजूने उचललेली बैठक कंबर आणि मांडीच्या शिरेस त्रास देते. गादीवर दिवस काढणाऱ्या व्यापाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

धातूच्या पाकिटाची जाहिरात करताना आणखी एक भीती विकली जाते. कार्ड नुसते टेकवून पैसे देण्याची सोय आल्यापासून कोणी जवळून जाता जाता खिशातील कार्ड वाचील आणि धातूचे कवच ते रोखील, असे सांगतात. धातू त्या लहरी अडवतो, हे खरे. पण हे कार्ड मुळातच काही सेंटिमीटर अंतरावरूनच वाचले जाते आणि प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक क्रमांक निर्माण होतो. १ जानेवारी २०२१ पासून पिन न देता अशा पद्धतीने एका वेळी ₹५,००० पर्यंतच रक्कम देता येते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनुसार ही सोय बंद-चालू करण्याचा अधिकार खातेदाराकडे आहे. ज्यास भीती वाटते त्याने बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती बंद करावी. त्यासाठी वेगळ्या पाकिटाचा खर्च नको. बाबूजींनी ती त्याच रात्री बंद केली.

मोजमाप झाले, तरी मूळ प्रश्न तसाच होता. चामडे का नको?

श्रावकाला वर्ज्य असे पंधरा व्यापार आपल्या परंपरेत सांगितले आहेत. त्यांना कर्मादान म्हणतात. त्यांतील दंतवाणिज्य म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात त्याचे वर्णन करताना दात, केस, नखे, हाडे यांबरोबर त्वचाही सांगितली आहे. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समाजाने धान्य, कापड, भांडी, सराफी, सावकारी केली, पण चामड्याच्या धंद्यात पाऊल टाकण्याचे टाळले. गंमत अशी की विकण्याचा नियम जितका कडक पाळला गेला, तितका वापरण्याचा नाही. जे गादीवरून विकणार नाही ते कमरेला बांधण्यास आपल्याला संकोच वाटला नाही. बाबूजींच्या दुकानात चामड्याची एकही वस्तू कधी विक्रीस आली नाही. गल्ल्याची किल्ली मात्र चामड्याच्या पाकिटात राहत असे.

या विसंगतीची एक जुनी आठवण महात्मा गांधींनी सांगून ठेवली आहे. मुंबईत जवाहिरांचा व्यापार करणारे श्रीमद् राजचंद्र हे गांधीजींचे आध्यात्मिक मार्गदर्शक. एकदा दोघांमध्ये चामडे वापरावे की नाही यावर चर्चा झाली. शेतीसारख्या कामात चामड्यावाचून भागत नाही, हे दोघांनीही मान्य केले; पण निदान डोक्यावर तरी चामडे नसावे, असे ठरले. तेव्हा गांधीजींनी त्यांच्या टोपीकडे लक्ष वेधले. आतून चामड्याची एक पट्टी लावलेली होती. आत्मचिंतनात मग्न असणाऱ्या राजचंद्रांचे तिकडे कधी लक्षच गेले नव्हते. दाखवून देताच त्यांनी ती पट्टी तेथल्या तेथे काढून टाकली. त्यांनी वाद घातला नाही, आजवर वापरली त्याचे समर्थन केले नाही, दाखवून देणाऱ्यावर रागावलेही नाहीत.

ही आठवण बाबूजींनी अनेकदा व्याख्यानात ऐकली होती. त्या आठवड्यात ती त्यांना नव्याने आठवली, आणि त्यास एक कारण घडले. मुलाने मागवलेले धातूचे पाकीट तिसऱ्या दिवशी आले. ॲल्युमिनियमची डबी उत्तम होती, कळ दाबताच कार्डे सुरेख वर येत होती. परंतु डबीला बाहेरून एक मऊ, काळे आवरण चिकटवलेले होते. बाबूजींनी अंगठ्याच्या नखाने त्याची कड उचलली. कापडाचा पाया दिसला नाही. बारीक तंतू दिसले. ते आवरण चामड्याचे होते. वेष्टनावर तसे लिहिलेलेही होते, फक्त बारीक अक्षरांत. मुलाने ‘धातूचे पाकीट’ एवढेच वाचले होते.

मुलगा ओशाळला. बाबूजी या वेळी रागावले नाहीत. बावीस वर्षे जे आपल्याला दिसले नाही ते मुलाला तीन दिवसांत दिसावे, हा आग्रह त्यांनी कोणत्या तोंडाने धरावा? त्यांनी राजचंद्रांच्या टोपीची गोष्ट मुलास सांगितली आणि शेवटी एवढेच जोडले, “तू मला परवा जे विचारलेस, ते बरोबर विचारलेस. मला तेव्हा बोलता आले नाही.”

चार दिवसांचा अबोला तेथे संपला.

दुसऱ्या दिवशी बाबूजी जुने पाकीट घेऊन पुन्हा चौकात गेले. आता ते वापरावयाचे नाही, तुमच्या काही उपयोगाचे असेल तर ठेवा, असे म्हणाले. ओघात कारणही सांगितले. चर्मकाराने पाकीट घेतले, मधला धड भाग कोठून निघेल ते अंगठ्याने चाचपले आणि मान वर न करता म्हटले, “चामडं नको म्हणता तं नका घेऊ, शेटजी. पण आमी काही जनावर मारत नाही जी. आमी फाटलेलं शिवतो.”

हे वाक्य बाबूजींनी घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. त्यात तक्रार नव्हती, पण एक गोष्ट होती जी आपल्यासारख्यांनी ऐकली पाहिजे. चामड्याचा त्याग करताना चामड्याचे काम करणाऱ्या माणसाचाही मनातल्या मनात त्याग करणे, हे आपल्याकडे सहज घडून गेले आहे. अहिंसेच्या नावाने माणसास दूर लोटले तर हिशेबाच्या एका बाजूस जमा आणि दुसऱ्या बाजूस तेवढेच नावे पडते.

विदर्भाला याचे एक उत्तम उदाहरण घरचेच आहे. वर्ध्याजवळ नालवाडी येथे १९३० च्या दशकात गांधीजी आणि विनोबांच्या प्रेरणेने गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तेथे कत्तलीच्या नव्हे, तर आपल्या मरणाने मेलेल्या जनावरांच्या कातड्याचेच चामडे कमावले जाई. कातडे वाया जाऊ नये, ते कमावणाऱ्यास मान आणि योग्य मोबदला मिळावा आणि त्यासाठी कोणा जिवाची हत्या होऊ नये, ही तेथील दृष्टी होती. उच्चवर्णीय कार्यकर्त्यांनी ज्या कामाकडे पाहण्यास लोक तयार नसत ते काम स्वतःच्या हातांनी शिकून घेतले. आपल्या आचारात मृत जनावराचे चामडेही बसत नाही, हे खरे; पण चामड्याच्या वस्तूमागे जीव कसा गेला हे विचारण्याची सवय आणि ते काम करणाऱ्याविषयीचा आदर, या दोन्ही गोष्टी नालवाडीकडून घेण्यासारख्या आहेत.

आजच्या ग्राहकास तो प्रश्न विचारण्याची सोयही राहिलेली नाही. पूर्वी कातडे हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल यांच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरवीत. आता बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी थोड्याच काळात कमावले जाते. कानपूरच्या जाजमऊ भागात गंगेची आणि तमिळनाडूतील राणीपेट भागात पालार नदीची त्या सांडपाण्याने काय अवस्था झाली, हे सर्वज्ञात आहे. पाकिटावर ‘अस्सल चामडे’ असा शिक्का असतो. जनावर कोणते, ते कसे मेले, कातडे कोठे कमावले, यांपैकी काहीच त्यावर नसते. पावती नसलेला खर्च कोणताही सावध व्यापारी खात्यात धरीत नाही. हाही तसाच, पावती नसलेला.

मग धातू निर्दोष आहे काय? तसे म्हणणे हा हिशेबातला दुसरा घोटाळा होईल. पृथ्वीकाय जीवांची विराधना केल्यावाचून खाण खणली जात नाही. ओडिशातील पंचपटमालीसारख्या डोंगरांच्या माथ्यावरून बॉक्साइट निघते, त्यापासून विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम होते आणि एक किलो नव्या धातूसाठी सुमारे चौदा युनिट वीज लागते. सत्तर ग्रॅमच्या पाकिटाच्या वाट्यास साधारण एक युनिट येते. आपल्या दर्शनाने याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. गृहस्थास एकेंद्रिय जीवांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही; ती कमीत कमी व्हावी म्हणून त्याने जपावे. पंचेंद्रिय जिवाची हिंसा मात्र त्यास टाळता येते, म्हणून ती टाळलीच पाहिजे. धातूची बाजू आणखी एका कारणाने सरस ठरते, आणि ते मोडीचा धंदा करणाऱ्यास पटवून द्यावे लागत नाही. जर्मनचे भांडे पुन्हा वितळते. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे करण्यास खाणीतून काढलेल्याच्या मानाने जेमतेम विसावा हिस्सा ऊर्जा लागते. चामडे एकदा वाळले की संपले.

काही जण तिसरा मार्ग सुचवतात, कृत्रिम चामड्याचा. त्यात जीवहत्या नाही, हे खरे. पण ते बहुधा कापडावर चढवलेले प्लास्टिक असते. दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात आणि नवे घ्यावे लागते. त्यापेक्षा आपल्या आजोबांची पद्धत बरी होती. जाड कापडाचा कसा कमरेला आणि दोरीचा बटवा कनवटीला. कापसाच्या वऱ्हाडात तर कापडाचे पाकीट शिवून घेण्यास कोणाची मदतही लागू नये.

आता उरला ‘मिनिमलिस्ट’ या शब्दाचा प्रश्न. पाकीट लहान झाले म्हणजे परिग्रह कमी झाला, असा एक गोड गैरसमज या वस्तूंबरोबर विकत मिळतो. आपल्या व्यापाऱ्यांस लहान पाकिटाचे कौतुक नवे नाही. कापसाच्या भरभराटीच्या काळात लाखाची रक्कम कागदाच्या एका हुंडीत सामावत असे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर आणि शाहजोग हुंडीचे पैसे केवळ पत असलेल्या माणसाच्या हाती. त्या कागदाचे वजन काही ग्रॅम होते. त्यामागील धनाचे कोणी तराजूत मोजले नसते. आज तेच काम फोन करतो. बाबूजींच्या चार कार्डांची दोन झाली, तेव्हा खाती मात्र तितकीच राहिली, हे त्यांच्याच लक्षात आले.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा या संदर्भात मुद्दाम आठवावी. तो दरिद्री नव्हता. बारा कोटींचे धन आणि चाळीस हजार गाईंचे गोकुळ असलेला तो गृहस्थ होता. भगवान महावीरांसमोर व्रते घेताना त्याने धनाची मर्यादा तर केलीच. पण अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातवण कोणते, फळ कोणते, हेही ठरवून बाकीचे सोडले. परिग्रहाचे परिमाण असे होते. खिशाचा आकार पाहून नव्हे, तर एकेक वस्तू समोर घेऊन, ही लागते काय, ही कशी आली, असे विचारून. बाबूजींनी गादीवर पाकीट रिकामे केले ती सायंकाळ त्या दृष्टीने मोलाची ठरली. पाकीट कोणते घ्यावे हा प्रश्न नंतरचा होता. पहिला प्रश्न होता, त्यात काय ठेवावे.

शेवटी निर्णय साधा झाला. चामड्याचे पाकीट आणि चामड्याने मढवलेली डबी, दोन्ही मुलाने आपणहून परत केली. तिसरे पाकीट घेण्यापूर्वी त्याने वेष्टनावरील बारीक अक्षरे वडिलांना वाचून दाखवली. साध्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, रबरी पट्टा, चिमटा. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. बाबूजींनी ते बोटाने वाजवून पाहिले, मग दुकानाच्या छोट्या काट्यावर ठेवले. अडुसष्ट ग्रॅम भरले. त्यात दोन कार्डे, परवाना आणि तीन घड्यांच्या चार नोटा राहतात. चिल्लरीसाठी पत्नीने जुन्या खणाचा एक बटवा शिवून दिला आहे. बंद पडलेल्या पेढ्यांची भेटपत्रे जुन्या चोपडीत गेली. पार्श्वनाथांचे चित्र दुकानातील देव्हाऱ्यात आहे. चामड्याचा पट्टाही गेला. त्या जागी कापडी आला.

जुन्या पाकिटाचा मधला तुकडा एका हमालाच्या चपलेला ठिगळ म्हणून लागला, असे चर्मकाराने पुढे एकदा सांगितले. गेलेला जीव त्याने परत आला नाही. पण कोणाचा तरी पाय उन्हात पोळण्यापासून वाचला. बाबूजी आता त्यांच्याकडे आपली कापडी चप्पल टाक्यासाठी नेतात आणि दहा-पाच रुपयांसाठी घासाघीस करीत नाहीत.

संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर मुलाचा पुण्याहून फोन आला. क्षमा मागण्यास त्याने तोंड उघडण्यापूर्वीच बाबूजींनी मिच्छामि दुक्कडम् म्हटले. धाकट्याने आधी म्हणावे अशी घरची रीत आहे. मुलगा गडबडला. “बाबूजी, आधी मी म्हणायला हवे होते.”

“या वर्षी माझी बाकी मोठी होती,” बाबूजी म्हणाले.

आपल्या प्रत्येकाच्या खिशात अशी एखादी वस्तू असते, जी आपण वर्षानुवर्षे वापरतो पण पाहत नाही. या पर्युषणात ती एकदा गादीवर रिकामी करावी. शिवण उलटून पाहावी, कड नखाने उचलावी, बारीक अक्षरे वाचावीत. आणि घरातील धाकट्याने त्याविषयी काही विचारले तर रागावण्याआधी क्षणभर थांबावे. आपल्या टोपीतील पट्टी बहुधा त्यालाच आधी दिसलेली असते.